हात सैल सोड, बाई

बांगड्या भरताना राजमतीअक्का हाताकडे बघत नसे, तोंडाकडे बघे. लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं. काचेची बांगडी, ती हाताच्या हाडावरून सरकवायची, आणि ही बाई खुशाल माझ्या डोळ्यांत बघून विचारणार, "मग, काय म्हणतीय तुजी शाळा? त्या मारकुट्या बाई हायेत का गेल्या?" मी मारकुट्या बाईंचं सांगायला लागायची आणि सांगून होईस्तोवर हात भरलेला असायचा.

"हात दुखायच्या आदी डोळ्यांत दिसतंय," असं तिचं म्हणणं. साबण लावून बांगडी चढवणाऱ्या कासारांना तर ती कासार म्हणायलाच तयार नव्हती. तिची रीत निराळी. आधी तळवा दोन्ही हातांत घ्यायचा, कणीक मळावी तसा सावकाश मळायचा, अंगठा आत दुमडायचा आणि तोंडाने चौकशी चालू ठेवायची. माणूस आपल्या आवडीचं बोलायला लागलं की हात आपोआप ढिला पडतो. नव्या सुनेला ती माहेरचं विचारायची, म्हाताऱ्या बायकांना नातवंडांचं आणि माझ्या आईला रांगोळीचं. मध्येच लाडाने दटावायची, "हात सैल सोड, बाई. मी काय तुजा हात घिऊन पळून चाललीय व्हय?"

अक्का म्हैसाळकडची, जैन कासाराच्या घरातली. नवरा, जवाहरमामा, जत्राजत्रांतून पाल ठोकून बांगड्या विकायचा आणि सांगलीचं दुकान अक्काच्या हातात. दुकान म्हणजे गणपती पेठेच्या मागच्या बोळात एका जिन्याखालची जागा. भिंतीला बांगड्यांच्या माळा, खाली एक चटई, आणि चटईच्या पलीकडे मांडी घातलेली अक्का. बांगड्या भरून झाल्या की कासारणीला वाकून नमस्कार करायचा, ही आमच्याकडची पद्धत. पेठेतली शेठाणी असो की मंडईतली भाजीवाली, अक्कापुढे सगळ्याच वाकायच्या आणि सगळ्यांना ती एकच आशीर्वाद द्यायची, "अखंड सौभाग्यवती हो."

आई, म्हणजे अनसूया, तिची जुनी गिऱ्हाईक. माझे वडील विष्णुपंत हळदीच्या एका अडत दुकानात नोकरीला होते; घरी आले की शर्टाच्या आधी हळदीचा वास आत यायचा. भले गृहस्थ, पण बोलणं कमी. आईचं बोलणं सगळं साठून राहायचं आणि ते मोकळं व्हायचं अक्काच्या चटईवर. एखादी बांगडी वाढली (कासारणीच्या तोंडी बांगडी कधी फुटत नाही, वाढते) की आई दुसऱ्याच दिवशी बोळात हजर. मला तर संशय आहे की काही बांगड्या तिने मुद्दाम भांडी घासताना वाढवल्या असाव्यात.

ब्याण्णव साली वडील गेले. बायकांनी आईचे हात मोकळे केले आणि त्या दिवसापासून आईने तो बोळच टाकला. भाजी आणायला मंडईत जायचं तरी ती मारुती रोडने लांबून जायची. कुणी तिला येऊ नको म्हटलं नव्हतं. पण बांगड्यांच्या दुकानात विधवा बाईचं काय काम, हे सांगायला आमच्या पेठेत कुणाला तोंड उघडावं लागत नाही. नवरा गेला त्याचं दुःख सगळ्यांनी केलं. तिची बोलायची एकुलती एक जागा गेली, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुढे अक्काच्या दुकानात टीव्ही आला. तिच्या मुलाने, सम्मेदने, पेठेत केबल जोडून द्यायचा धंदा काढला होता. घराघरांत तारा खेचणाऱ्या पोराच्या आईचं दुकान सुनं कसं राहील? त्याने माळांच्या वर फळी ठोकली आणि तिच्यावर रंगीत टीव्ही बसवला. गिऱ्हाईक दुप्पट झालं. दुपारी तर बोळात चपलांना जागा उरत नसे, कारण दुपारी ती मालिका लागायची. मालिकेतली एक गोरीपान बाई इस्पितळात बेशुद्ध पडलेली होती, आणि ती शुद्धीवर येऊन आपलं मूल कुणाचं ते सांगणार म्हणून अख्खी गणपती पेठ श्वास रोखून बसली होती. ती काही उठेना. महिनेच्या महिने तिची लिपस्टिक मात्र रोज ताजी!

अक्काही त्या बाईच्या नादी लागली. हात मळायची तशीच, पण मान वर, फळीकडे. "काय म्हणतीय शाळा?" असं सवयीने विचारायची आणि उत्तर येईपर्यंत तिकडे डॉक्टर आत आलेला असायचा. बांगड्या आता जास्त वाढायला लागल्या. कुणाला काही वाटत नव्हतं, कारण ज्यांच्या वाढत होत्या त्यांच्याही माना वरच होत्या. मला मात्र संताप यायचा. एकदा मी तिला माझं लग्न ठरल्याची बातमी सांगितली, साताऱ्याचं स्थळ, अवधूत नाव, तर ती म्हणाली, "व्हय? बरं झालं," आणि लगेच, "अगं अगं, डोळं हाललं तिचं!" मी बांगड्यांचे पैसे चटईवर ठेवले आणि नमस्कार न करता निघून आले.

लग्न शहाण्णवच्या मार्चमधलं. मला चुडा आमच्या घरी भरायचा होता आणि तो भरताना आई माझ्या शेजारी बसावी, एवढीच माझी हौस होती. शालू नको, दागिने नकोत, बँड तर नकोच नको. पण वडिलांची बहीण, मनुआत्या, लग्नाचं सगळं बघायला येऊन राहिली होती. आत्या वाईट नव्हती. वडील गेल्यावर आमच्यासाठी तिने जेवढं केलं तेवढं वडिलांच्या सख्ख्या भावांनीही केलं नाही. तरी हिरव्या चुड्याच्या वेळी विधवा समोर नको, यात तिला बोलण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं. "अनसूया स्वयंपाकघर बघेल," एवढं म्हणून तिने विषय मिटवला. मी भडकले, तर आईनेच मला गप्प केलं. "माझ्यापायी तुझ्या लग्नात वाद नको गं," म्हणाली. "मी दारातून बघीन." मग मीही हट्टाला पेटले. चुड्याचा रंग पसंत करायला तरी तू माझ्याबरोबर अक्काकडे चल, नाहीतर मी प्लास्टिकच्या घालून बोहल्यावर उभी राहते, असं सांगितलं. आई हसली आणि आली.

आम्ही गेलो ती नेमकी मालिकेची वेळ. चटईभोवती पाच-सहा बायका, सगळ्यांच्या माना वर. आई सवयीने आपल्या जुन्या जागी बसली, अक्काच्या अगदी समोर. अक्काने न बघताच म्हटलं, "या, बसा." मी मागे उभी राहून माळा बघत होते. समोर ठेवलेल्या हिरव्या बांगड्यांचा रंग बघायला आईने हात पुढे केला. तेवढं पुरलं. समोर आलेला हात धरायचा, ही अक्काची जन्माची सवय. तिने नजर फळीवरून न काढता आईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मळायला सुरुवात केली.

मला हे दिसलंच नाही. मी एका गडद हिरव्या माळेशी खेळत होते आणि अर्धा डोळा माझाही त्या इस्पितळात होता. ऐकू मात्र आलं, "हात सैल सोड, बाई," पण ते वाक्य त्या दुकानात भिंतीवरच्या घड्याळासारखं चालूच असायचं.

आणि वीज गेली. पडदा काळा पडला, बायका एका सुरात "अरे देवा" म्हणाल्या, आणि त्यानंतरच्या शांततेत फक्त बांगड्यांचा आवाज आला. सगळ्या माना खाली आल्या. आईच्या मोकळ्या कपाळाखाली, फिक्या साडीच्या पदराशी, तिच्या उजव्या हातात चार हिरव्यागार बांगड्या होत्या आणि पाचवी अक्काच्या चिमटीत होती.

"अगं बाई!" कुणीतरी म्हणालं आणि तोंडावर हात ठेवला.

अक्काने पहिल्यांदा तोंडाकडे बघितलं. तिच्या हातातला आईचा हात तिने सोडला नाही, पण तिचा चेहरा पार उतरला. "अनसूया," ती म्हणाली. "तू हायस व्हय? अगं, माजं ध्यान नव्हतं. माजं ध्यानच नव्हतं बघ."

आईने हात हळूच सोडवून घेतला आणि एकेक बांगडी काढली, एकही वाढू न देता, आणि चटईवर एकाशेजारी एक ठेवली. मग विचारलं, "अक्का, ध्यान असतं तर भरल्या असत्या का?"

तिच्या आवाजात टोचणी नव्हती. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं. अक्का चिमटीतली पाचवी बांगडी तशीच धरून बसली. वीज आली, टीव्ही पुन्हा बोलायला लागला, आणि त्या दिवशी म्हणे ती बाई शुद्धीवर आली. चटईवरच्या एकीनेही मान वर केली नाही.

घरी येताना मी आईला रागावले. हात मागे का घेतला नाहीस? आई म्हणाली, "तिनं हात मळायला घेतला ना, तेव्हा मला कळलं की तिचं लक्ष नाही. पण चार वर्षांत कुणी माझा हात असा धरला नव्हता. म्हटलं, तेवढं होऊ दे." मला रस्त्यातच रडू आलं. आई मला समजावत घरी घेऊन गेली, म्हणजे सांत्वन तिचं व्हायचं ते माझंच झालं.

पुढचे काही दिवस बोळातून बातम्या येत होत्या. अक्काने सम्मेदला तार काढायला लावली. तो म्हणाला गिऱ्हाईक तुटेल, तर ती म्हणाली तुटू दे. टीव्ही फळीवरच राहिला, त्याच्यावर नऊवारीचा तुकडा पडला. दुपारच्या बायका दुसऱ्या दुकानात गेल्या. मनुआत्याने त्या दिवशीचा आईच्या बांगड्यांचा प्रकार ऐकून चुड्याला दुसरी कासारीण सांगावी का, असा विचार मांडला. मी म्हटलं, चुडा भरेल तर अक्काच. रागावले होते तरी तिच्या हातावर माझा भरवसा होता.

चुड्याच्या दिवशी आमच्या घरातही टीव्ही चालू होता. विश्वचषकाचे सामने चालू होते आणि बाहेरच्या खोलीत काका लोक पडद्याला नाक लावून बसले होते. मधल्या खोलीत बायका जमल्या, पण दार उघडं ठेवून, म्हणजे धावसंख्या कळावी. मी पाटावर बसले. आई स्वयंपाकघरात पुऱ्यांची कणीक भिजवत होती; दारातून तिच्या पदराचं टोक तेवढं मला दिसत होतं.

अक्का आली. गूळ-पाणी घेतलं, माझ्यासमोर मांडी घातली, आणि बांगड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

"अक्का, सोडा की गाठोडं," आत्या म्हणाली.

"टीव्ही बंद करा, मग सोडते."

बाहेरून काका ओरडले, "आवं अक्का, शेवटची षटकं चाललीत!"

"हू द्या की तुमचं," अक्का अगदी गोडीने म्हणाली. "मला कुठं घाई हाय? मी बसते."

ती बसली. बायका बसल्या. मी बसले. आत्या एकदा घड्याळाकडे बघायची, एकदा गाठोड्याकडे. शेवटी ती ताडकन उठली, बाहेर गेली आणि खटका दाबला. काका लोकांचा जो आवाज झाला तो शेजारच्या वाड्यापर्यंत गेला असेल, पण आत्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती.

घर शांत झालं. अक्काने चौफेर बघितलं. एकेकीच्या तोंडाकडे, सावकाश. "नवरीची आई कुठं हाय?"

"ती आत आहे. कामात आहे," आत्या म्हणाली.

"बोलवा."

"अक्का, तुम्हाला माहीत आहे ना..."

"माहीत हाय म्हणून तर म्हणते. बोलवा तिला. तवर मी गाठ सोडत न्हाई."

कुणी बोलवायला जाण्याची गरज पडली नाही. आई दारात येऊन उभी होती, हात पिठाने भरलेले. अक्काने माझ्या पाटाशेजारी जमिनीवर हात आपटला, "बस हितं." आई दोन पावलं जवळ आली, आधी माझ्याकडे बघितलं, मग आत्याकडे. मी तिचा पदर धरून तिला खाली ओढलं. ती माझ्याशेजारी, अक्काच्या समोर बसली.

अक्काने गाठोडं सोडलं. माझा चुडा बाजूला ठेवला आणि एका रुमालातून चार हिरव्या बांगड्या काढल्या. मी त्या लगेच ओळखल्या. आईने दुकानात चटईवर काढून ठेवलेल्या त्याच.

"अनसूया, माज्याकडं बघ," अक्का म्हणाली. "तू मला इचारलंस, ध्यान असतं तर भरल्या असत्या का. मी लय इचार केला. नसत्या भरल्या. खोटं कशाला बोलू? चार वर्सं तू आली न्हाईस, आन् मी एकदा तरी तुजं दार वाजवलं का? टीव्हीतल्या बाईसाटी रडले, तुजी याद काढली न्हाई. परवा ध्यान नसताना भरल्या. आज ध्यान ठिवून भरते. भरू का?"

मी आत्याकडे बघायचं धाडस केलं नाही. आता आई "नको" म्हणाली तर ती परत स्वयंपाकघरात जाईल आणि मग कधीच बाहेर येणार नाही, हे मला कळत होतं.

आईने हात बघितले. "पीठ लागलंय," एवढंच म्हणाली.

तेव्हा मनुआत्या उठली. मला वाटलं, झालं. आत्या स्वयंपाकघरात गेली आणि ओलं फडकं घेऊन आली. आईशेजारी बसली, तिचे हात आपल्या मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांतून पीठ पुसून काढलं, आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "भरा आता. उशीर होतोय."

अक्काने आईचा तळवा मळायला घेतला. नजर आईच्या डोळ्यांत. "रांगोळी काडतीस का अजून? दारात कोण काडणार हाय उद्या?" आणि आई बोलायला लागली. आधी अडखळत, मग भराभर. ठिपके किती, कमळं कुठं, रंग कोणत्या दुकानातून आणायचे, विष्णुपंतांना कुठली रांगोळी आवडायची. चार वर्षांनी माझी आई चार माणसांत बोलत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने कमळाच्या पाकळ्या सांगत होती. अक्का "हं, मग?" म्हणत होती. कधी दोन बांगड्या एका हातात गेल्या आणि कधी दोन दुसऱ्यात, मला शेजारी बसूनही कळलं नाही.

मग माझा चुडा भरला. माझा डावा हात अक्काच्या हातात होता आणि उजवा आईच्या.

भरून झाल्यावर मी वाकून नमस्कार केला. "अखंड सौभाग्यवती हो," अक्का म्हणाली. माझ्यामागून आई वाकली. अक्काने सवयीने तोंड उघडलं आणि थांबली. तिच्याकडे आयुष्यभर एकच आशीर्वाद होता आणि तो इथे चालत नव्हता. घाईने काहीतरी बोलून ती वेळ मारून नेऊ शकली असती. तिने तसं केलं नाही. आईच्या डोक्यावर हात ठेवून ती थांबून राहिली, शब्द सापडेपर्यंत, आणि आम्ही सगळ्या तिच्याबरोबर थांबलो.

"बोलत ऱ्हा, बाई," शेवटी ती म्हणाली. "मी ऐकतेय."

आता मी साताऱ्यात असते. इथे राजवाड्याजवळ कासार बसतात, साबण लावून चटकन भरतात, मीही भरते. पण माहेरी गेले की आधी तो बोळ. अक्का थकली आहे. टीव्हीवर अजून नऊवारीचा तुकडा आहे, आणि शुद्धीवर आलेल्या बाईने मूल कुणाचं सांगितलं ते तिला आजतागायत ठाऊक नाही. आई तिच्या जुन्या जागी बसलेली असते. हातातल्या बांगड्या हल्ली हिरव्या, कधी निळ्या, मनाला येईल त्या. पेठेत बोलणारे बोलले आणि दमले.

माझ्या आईला मला परत देणाऱ्या त्या बाईचे उपकार कसे मानावेत, हे मला कधी सुचलं नाही. मी एवढंच करते. चटईवर बसते, हात पुढे करते आणि तिने विचारलं, "मग, काय म्हणतंय सातारा?" की सगळं खरं खरं सांगते.